पळस उघडायच्या आत

यवतमाळ आणि वणी ही एकाच जिल्ह्यातली गावं, पण वसंत दोन्हीकडे एका दिवशी उतरत नाही. यवतमाळ उंचावर. माघ सरत आला तरी तिथली माणसं सकाळी कानाला दुपट्टा गुंडाळून शेकोटीभोवती बसतात आणि थंडी ही आपल्या गावची खासगी मिळकत असल्यासारखी पाहुण्याला दाखवतात. वणी खाली, सखल भागात. तिथे संक्रांत झाली की रजया उन्हात पडतात आणि तिथूनच पेटीत जातात. वणीचा पळस फुलून, मिरवून, पाकळ्या झाडाखाली अंथरून मोकळा होतो, तेव्हा यवतमाळच्या पळसाला नुसत्या काळ्या मखमली कळ्या असतात. वणीचे लोक म्हणतात, तुमच्याकडे सगळंच उशिरा येतं. यवतमाळचे म्हणतात, तुमच्याकडे टिकतं काय? लग्नाच्या पंगतीत हा वाद बरा चालतो. एकसष्ट साली मात्र यवतमाळच्या एका माणसानं या पंधरवड्याच्या फरकावर आपला जीव टांगला.

मारोतराव गावंडे तराजू दुरुस्त करायचे. बाजारओळीत त्यांचं लहानसं दुकान होतं, आणि शेर-छटाक जाऊन किलो आल्यापासून तिथे गर्दी असे. व्यापारी जुनी मापं घेऊन येत, नवी घेऊन जात, आणि जाता जाता हळूच विचारत, "हे नवं माप जास्त भरते का कमी?" विचारण्याच्या सुरावरून माणूस विकणारा की घेणारा, हे मारोतरावांना कळायचं. ते नुसते गालात हसत. असा सगळ्या बाजाराला आतून ओळखून असलेला माणूस एका झाडाला भ्यायचा.

झाड त्यांच्याच परसात होतं. पळसाचं, विहिरीच्या काठावर उगवलेलं आणि विहिरीवरच ओणवं झालेलं.

आजोबा गेले ते पळस फुलला तेव्हा. वडील बापूजी एका सकाळी परसात दात घासत उभे होते. वर पाहून "फुललं गा" म्हणाले, विहिरीच्या पायरीवर टेकले, ते पुन्हा उठले नाहीत. थोरले बंधू पंजाबराव हुशार निघाले. झाड घरचं आहे ना, मग घरी राहायचंच नाही, असं म्हणून ते माघातच बोरी अरबला सासुरवाडीस जाऊन राहिले. सासुरवाडीनं जावयाची बडदास्त ठेवली. बोरीत पळस फुलला आणि त्याच आठवड्यात सायकलवरून निरोप आला. म्हणजे झाडाकडे काही नव्हतं. माणूस जिथे असेल तिथे त्याच्यादेखत वसंत आला, की पुरे.

वडील बावन्नाव्या वर्षी गेले, पंजाबराव बावन्नाव्या वर्षी. आजोबांचं वय कोणालाच ठाऊक नव्हतं. पण दोन बावन्न हाती असल्यावर तिसऱ्याची चौकशी कोण करतो? मारोतरावांनी आजोबांनाही बावन्न देऊन टाकलं. आणि यंदा त्यांना स्वतःला बावन्नावं लागलं होतं.

दिवाळीपासून त्यांचं जेवण कमी झालं. दुकानात पारड्याला हात लागला की पारडं थरथरायचं आणि गिऱ्हाईक म्हणायचं, "मारोतराव, काटा ठरून नाही राह्यला." काटा ठरत होता. हात ठरत नव्हता. रोज सकाळी ते परसात जात, पण वर बघत नसत. बायकोला, रुखमाबाईला, बघायला लावत.

"काय दिसते वं?"

"कळ्या."

"केवढ्या?"

"कालच्यावढ्या. चहा ठंडा होते तुमचा."

शेजारी उकंडा मेश्राम राहायचा. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधण्याच्या कामावर होता. पाच वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला होता आणि तेव्हापासून कोणत्याही भीतीची टर उडवण्याचा आपल्याला हक्क मिळाला आहे, असं समजून चालायचा. कुंपणावरून तो म्हणाला, "मारोतराव, आमी तेहतीस कोटी देव एका दिवसात सोडले. तुमच्यानं एक झाड सुटून नाही राह्यलं."

"तुमाले सोडाले सोबत होती, उकंडा. लाखानं मानसं होते. मी एकटा आहो."

उकंडा बिडी काढून उभा राहिला, आणि ती पेटवायची विसरला.

पण मारोतराव नुसते भिऊन बसणारे नव्हते. तराजूवाला माणूस, एका पारड्यात भीती पडली की दुसऱ्यात काहीतरी टाकल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. पंजाबरावांची चूक त्यांना सापडली होती. भावानं गाव बदललं, पण वेळ तीच ठेवली. बोरीतही वसंत यायचाच होता. आपण असं करायचं: यवतमाळच्या थंडीत कळ्या फुटायला येईपर्यंत बसून राहायचं, आणि इथे वसंत येणार त्याच्या आदल्या दिवशी, तो जिथे येऊन गेलेला आहे तिथे उतरायचं. वणीला त्यांची मुलगी कोकिळा दिलेली होती. तिच्या घरी आठ-पंधरा दिवस राहायचं, आणि यवतमाळचा बहर ओसरला की परत. वसंताची आणि आपली गाठ कुठेच पडायची नाही.

ही युक्ती सुचली त्या दिवशी ते बऱ्याच दिवसांनी दोन भाकरी जेवले.

मग त्यांनी वणीच्या गाडीच्या कंडक्टरशी मैत्री केली. स्टँडवर जाऊन विचारायचे, "वणीचा पळस कसा काय?"

"मारोतराव, मी तिकिटं फाडतो. झाडं मोजत नाही."

"तरी."

"लाल आहे."

दोन-तीन दिवसांनी पुन्हा. "आता?"

"लालच आहे. तुमी रंगाचा धंदा काढून राह्यले काय?"

आणि महाशिवरात्रीच्या सुमारास एकदा कंडक्टर आपणहून म्हणाला, "गळला बरं तुमचा पळस. झाडाखाली सडा पडला. पोरं होळीसाठी गोळा करून राह्यले." मारोतरावांनी त्याला स्पेशल चहा पाजला. तो का, हे कंडक्टरला निवृत्त होईपर्यंत कळलं नसेल.

एवढ्यावर ते थांबले असते तर बरं झालं असतं. पण एका दोरीवर विश्वास नसलेला माणूस दुसरी बांधतो. त्यांनी विचार केला: गेलेले तिघंही घराचे कर्ते होते. मग निघण्याआधी आपण कर्तेपणच उतरवून ठेवलं तर? वसंत रस्त्यात कुठे भेटलाच, तरी त्यानं न्यावं असं आपल्यापाशी काही उरायला नको.

त्यांच्या घरात कर्त्याचं एक पागोटं होतं. पांढरं, लाल काठाचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. कर्ता गेला की तेरवीच्या दिवशी पाहुण्यांदेखत ते पुढच्याच्या डोक्याला बांधायचं, ही रीत. मारोतरावांनी एका सकाळी देवापुढे पाट मांडला, मुलाला बसवलं आणि आपल्या हातानं त्याला पागोटं बांधायला घेतलं. मुलगा शेषराव, बाविशीतला. वैशाखात त्याचं लग्न ठरलेलं.

रुखमाबाईच्या हातातलं उलथणं खाली पडलं. "जित्या मानसाचं पागोटं पोराले बांधता?"

"मी काय मेलो काय?"

"तेच तं म्हनते मी."

"त्याले बावन्नावं लागाले तीस वर्सं आहे," मारोतराव म्हणाले. हिशेब बिनचूक होता. शेषराव आरशात बघून हसला. पागोटं त्याला मोठं होत होतं, कानावर उतरायचं.

फाल्गुन लागला आणि एका सकाळी रुखमाबाई परसातून आत येऊन म्हणाली, "कळीच्या टोकाले लाल रेघ दिसून राह्यली." मारोतरावांनी चहा अर्धा टाकला. आठच्या गाडीनं निघायचं ठरलं.

आणि डोळ्यांना त्यांनी ओला पांढरा रुमाल बांधला, जाड घडी घालून. कोणी विचारलं तर, डोळे आले. ऋतू बदलताना डोळे येतातच. शिवाय डोळे आलेल्या माणसाजवळ कोणी बसत नाही, हा वरकड फायदा. शेषराव पागोटं घालून स्टँडवर पोचवायला आला. बापाचा हात धरून त्यानं त्याला पायरीवर चढवलं.

"बाबा, कवा याल?"

"पळसाचं पाहून."

"तो फुललाच नाही तं?"

"फुलल्याशिवाय राहते काय तो, बयताडा. दुकान उघड टायमावर."

गाडी सुटली. मारोतराव खिडकीपासून दूर बसले होते. जोडमोहा मागे पडेपर्यंत त्यांचं बरं चाललं होतं. हवेत गारठा होता, अंगावर शाल होती. रुखमाबाई मुलीसाठी घेतलेल्या तीळ-गुळाच्या डब्याला गाडीच्या धक्क्यांपासून सांभाळत होती. मग उतार लागला. वळणं सुरू झाली. आणि रुमालाखाली मारोतरावांना जाणवलं की गालाला लागणारा वारा बदलला आहे. आधी त्यातली धार गेली. मग त्याला कोमट वास आला, धुळीचा आणि कशाचा तरी. त्यांनी शाल काढली. आणखी दोन वळणांनी सदऱ्याची गुंडी सोडली.

तेव्हा त्यांना कळलं.

यवतमाळला तो अजून आलेला नाही. वणीतून तो निघून गेलेला आहे. मग आज, या घटकेला, तो आहे कुठे? वणी आणि यवतमाळ यांच्या मध्ये. दोन गावांचा हिशेब त्यांनी महिनाभर घोळवला होता. मधला रस्ता धरलाच नव्हता. वसंत याच रस्त्यानं वर चढत होता आणि मारोतराव तिकीट काढून त्याला भेटायला खाली चालले होते.

"गाडी थांबवा," ते म्हणाले. आणि गाडी थांबली, ती आपणहून. पुढून शीळ घातल्यासारखी वाफ सुटली. ड्रायव्हरनं कोणाच्या तरी आईचं नाव घेतलं. कंडक्टर म्हणाला, "उतरा सारे. पानी आनाव लागते नाल्यातून."

माणसं उतरली. एक जण बाहेरून म्हणाला, "अरे बाप्पा, काय फुललं आहे." दुसरा म्हणाला, "दोन्ही आंगानं पाहा ना. जंगल पेटल्यावानी."

मारोतरावांनी रुखमाबाईचं मनगट पकडलं. "काय आहे वं बाहेर?"

रुखमाबाई खोटं बोलणारी बाई नव्हती. तीस वर्षांत तिला तेवढी सवड मिळाली नव्हती. ती म्हणाली, "लाल."

"किती?"

"सारंच."

जीव कसा जातो, हे मारोतरावांनी बापूजींच्या वेळी पाहिलं होतं. आधी पाय गार पडतात. त्यांनी चपला काढल्या आणि एका पायानं दुसरा चाचपला. गार नव्हता. छातीत घण पडत होते, आणि बाहेर पाखरांचा कलकलाट चालला होता. फुलातला रस प्यायला आलेली पाखरं. ती आपल्यावरच जमली आहेत, असं त्यांना वाटलं. रुखमाबाईनं आपलं मनगट सोडवून घेतलं नाही.

तेवढ्यात गाडीत कोणी तरी चढलं. चांदीचे दागिने वाजले आणि एक भलं मोठं गाठोडं मारोतरावांच्या शेजारी, जवळजवळ मांडीवरच, आदळलं.

"सरक ना दादा जरासक. मले मारेगावले उतराचं आहे," बाई म्हणाली. पुढच्या तांड्यावरची बंजारीण होती, बिजलीबाई. गाडी थांबलेली दिसताच वाटेतच चढून बसली होती.

गाठोड्यातून काहीतरी सांडून मारोतरावांच्या तळहातावर पडलं. गार, जाड, पोपटाच्या चोचीसारखं वाकडं. त्यांनी हात झटकला. मग आणखी सांडलं.

"काय आहे हे?"

"केसुला. तुमी पळस म्हनता. होळी आली ना आमची." तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "डोळे आले काय तुमाले? का भेव वाटते?"

"त्याईच्या घरातले मानसं पळस फुलला का जातात," रुखमाबाईनं सांगून टाकलं. परक्या बाईला घरातलं सांगणं सोपं जातं. "कर्ता मानूस. बावन्नाव्या वर्सी."

"सारेच बावन्नाव्या?"

"सारेच," मारोतराव रुमालाखालून म्हणाले. "आजे, बापूजी, दादा."

"आजे काहून?" रुखमाबाई म्हणाली. "आजे कोठचे बावन्नचे?"

मारोतरावांनी मान वळवली.

"आत्याबाई सांगे ना मले. मामंजी पोटात होते तवा आजे गेले. पंचविशी नवती झाली त्याईची. बापाचं पागोटं डोक्यावर आलं त्याले वरीस नवतं उलटलं."

"तू बोलली नाही कवा."

"तुमी इचारलं कवा? तुमी तं सारं ठरवून मंग सांगत जा."

बिजलीबाई गाठोड्याची गाठ आवळत म्हणाली, "मंग वयाचं काही नाही दादा त्यात. ज्याच्या डोक्यावर पागोटं, त्याचं." आणि पान खायला खिडकीकडे वळली. तिच्या दृष्टीनं विषय संपला होता.

मारोतराव तसेच बसून राहिले. मांडीवर पळसाची फुलं होती, दोन्ही अंगांना फुललेलं रान होतं, आणि त्यांना काहीही होत नव्हतं. पाय गरम होते. छातीतले घण थांबले होते. युक्ती लागू पडली होती. वसंत येऊन, त्यांना नीट न्याहाळून, हा तो नव्हे म्हणून पुढे निघून गेला होता. पुढे म्हणजे वर, यवतमाळकडे. तिथे परसात कळीच्या टोकाला लाल रेघ होती, आणि कानावर उतरणारं पागोटं घालून पोरगा बसला होता.

त्यांनी रुमाल ओढून काढला. उजेडानं डोळ्यांत पाणी आलं. झाडांना पान नावाला नव्हतं. नुसत्या काळ्या फांद्या आणि त्यांच्यावर तो रंग, थेट टेकडीच्या माथ्यापर्यंत चढत गेलेला. इतकी वर्षं ज्याच्याकडे मान वर केली नाही ते त्यांनी एकदाच, पुरतं पाहून घेतलं. स्वतःसाठी त्यांना काहीच वाटलं नाही. छातीतली भीती तिथून उठून घाट चढून गेली होती, आणि तिच्यामागे धावायला त्यांच्यापाशी गाडी नव्हती.

"उतर," ते रुखमाबाईला म्हणाले. तिनं तीळ-गुळाचा डबा आधीच पिशवीत टाकला होता.

वणीहून वर जाणारी गाडी आली तेव्हा मारोतराव रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभे होते. ड्रायव्हरनं शिव्या दिल्या, त्या त्यांनी तिकिटासारख्या घेतल्या. गाडी भरलेली होती. दाराशी दांडा धरून दोघं उभी राहिली. आणि चढ लागल्यावर झाडांवरचा बहर उलटा होत गेला. आधी भरगच्च लाल. मग फांदी सोडून फांदी. मग नुसते शेंडे. वळणावळणाला थोडी थोडी थंडी परत आली, आणि कधी नव्हे ती मारोतरावांना ती हवीशी वाटली. कळी दिसली की ते मनात म्हणत, आहे, वेळ आहे. गावाजवळ नाक्यापाशी मात्र एका पळसावर, अगदी शेंड्याला, एक घोस उघडलेला होता. रुखमाबाईनं तो पाहिला आणि पदर तोंडात धरला.

दुकानाला कुलूप होतं. भर दिवसा, बाजाराच्या वेळी.

समोरचा पानवाला म्हणाला, "शेषराव? तुमाले पोचवून आला तसाच गेला घरी. पागोटं घालूनच. मी म्हनलं दुकान? तं म्हने, आज दुसरं काम आहे."

मारोतरावांना धावायची सवय नव्हती. ते धावले. बाजारओळीतल्या लोकांनी गावंडे धावताना पहिल्यांदा पाहिले आणि दोघा-तिघांनी मापाची काही भानगड झाली असणार, असा कयास केला. घराचं दार उघडं होतं. घरात कोणी नव्हतं. परसात उकंडा मेश्राम उभा होता, कामाच्या कपड्यांतच, मान वर करून, दोन्ही हात पसरून. वरून पडणाऱ्याला झेलता येईल असं जणू त्याला वाटत होतं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"मी सांगून राह्यलो," तो ओठ न हलवता म्हणाला. "आयकत नाही. मोठ्यानं बोलू नोका."

जमीन कळ्यांनी काळी झाली होती. तोडलेल्या, चिरडलेल्या, मखमली कळ्या, टोपलीभर. पळसाच्या सगळ्या फांद्या बोडक्या केलेल्या होत्या. आणि विहिरीवर गेलेल्या फांदीच्या टोकाकडे, खाली काळं पाणी, कमरेला पिशवी बांधून शेषराव पोटावर सरकत होता. पागोटं कानावर उतरलं होतं. त्याच्या हातापासून वीतभर पुढे एक घोस उरला होता, आणि तो उघडलेला होता.

फांदी बारीक आवाज करत होती. पळसाच्या लाकडावर कोणी शहाणा माणूस चढत नाही. ते चुलीतही नीट जळत नाही.

मारोतराव विहिरीच्या काठापर्यंत गेले. इतक्या हलक्या आवाजात ते आयुष्यात कधी बोलले नव्हते. "शेषा."

फांदी हलली. "बाबा? काहून आले तुमी? जा ना आत. वर पाहू नका."

"पाहून झालं."

"एकच राह्यला बाबा. आता तोडतो. मंग फुलतच नाही तो यंदा. तुमाले कोठंच जा लागत नाही."

"राहू दे तो."

"हात पुरते."

"राहू दे म्हनलं ना. मी सारं जंगल पाहून आलो वाटेत. मांडीवर घेऊन बसलो होतो. काही होत नाही मले." त्यांनी दोन्ही हात वर पसरले. "माझं पागोटं दे खाली."

"आं?"

"पागोटं. माझं आहे ते. तुले मोठं होते."

शेषरावानं एक हात सोडायला घेतला आणि फांदी करकरली. उकंडानं डोळे मिटले.

"हात सोडू नोको," मारोतराव म्हणाले. "मुंडकं हलव फक्त. आंगोळ झाल्यावर पानी झटकतोस ना, तसं."

शेषरावानं मान झटकली. पागोटं सुटलं, त्याचा एक पदर फांदीला अडला, मग सगळंच उलगडत खाली आलं. अर्धं काठावर पडलं आणि अर्धं विहिरीत लोंबलं. मारोतराव पालथे पडले, त्यांनी ते ओढून घेतलं आणि कळ्यांच्या चुऱ्यासकट, कसंही, डोक्याला गुंडाळलं. चिरडलेल्या कळ्या मानेवरून पाठीत उतरल्या. तेव्हा कुठे ते म्हणाले, "आता ये. मागं सरक. सावकाश."

शेषराव सरकला. वीत, मग आणखी वीत. त्याचा पाय बुंध्याला लागला, त्यानं बुंध्याला मिठी मारली, आणि अंगाचा भार गेल्याबरोबर ती फांदी, जणू एवढाच वेळ धरून ठेवायचं कबूल केल्यासारखी, मधोमध मोडली आणि विहिरीत गेली. पाण्याचा आवाज वर यायला वेळ लागला. विहीर खोल होती.

पोरगा छाती सोलून खाली उतरला. उकंडानं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग तिथेच कळ्यांवर बसकण मारली. "मारोतराव," तो म्हणाला, "मले आज समजलं, मानूस कायले भेते ते." टर उडवायचं त्याच्या ध्यानात राहिलं नाही.

रुखमाबाईनं हळद आणली. मारोतराव विहिरीच्या पायरीवर, बापूजी बसले होते त्याच पायरीवर, बसले. भीती परत आली होती; छातीतली तिची जागा तिला ठाऊक होती.

"उद्या आठच्या गाडीनं तू वणीले जा," ते मुलाला म्हणाले. "कोकिळा वाट पाहून राह्यली असन. तथीचा पळस गळला आहे. रस्त्यात लागन तो तुले, पन लागू दे. तुले तं काही नाही आता."

"आन तुमी?"

"मी अथीच आहो. दुकान कोन उघडन?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मुलाला गाडीत बसवून दिलं. कंडक्टर म्हणाला, "आता पोराचे डोळे आले काय?" मारोतराव म्हणाले, "नाही. माझे गेले."

घरी येऊन ते परसात अंघोळीला गेले. पागोटं काढून हाताशी, पायरीवर, घडी करून ठेवलं. विहिरीत मोडकी फांदी तरंगत होती. तिच्या मधल्या फाट्यावरच्या कळ्या शेषरावाच्या हातून सुटल्या होत्या, आणि रात्रभर पाण्यात राहून त्या उघडल्या होत्या. बादली वर आली तेव्हा तिच्यात तीन-चार लाल फुलं होती.

रुखमाबाई दारात उभी होती. "काढून टाकू काय?" तिनं विचारलं.

"असू दे," मारोतराव म्हणाले, आणि त्यांनी डोळे उघडे ठेवून पहिला तांब्या डोक्यावर घेतला.